वास येत नाही

११ ऑगस्ट, रविवार

आज इतिहास घडला. तेजस्विनी अपार्टमेंटच्या गॅलरीत, खिडकीत किंवा गच्चीवर यापुढे कपडे वाळत घालायचे नाहीत. ठराव मीच मांडला, मीच वाचला आणि चेअरमन म्हणून मीच मंजूर केला. हजर मोजकेच. एक जण झोपला होता, त्याचा होकार धरला.

बिल्डिंगला नवा रंग दिलाय. आयव्हरी आणि मरून. एलेव्हेशन काय चीज असते ते आता सगळ्या जुळे सोलापूर भागाला आमच्याकडे बघून कळेल. आणि त्या एलेव्हेशनवर कुणाचा तरी परकर! महिनाभर जेवण गोड लागलं नाही मला.

सेक्रेटरी जोतिराम दुसऱ्या मजल्यावर राहतो, स्पेअर पार्टचं दुकान आहे. तो म्हणाला, तोडकरीसाहेब, पावसाळी दिवसांत आत वाळवलेल्या कपड्यांना कुबट वास येतो. मी म्हणालो, वास येत नाही, आणला जातो. टाळ्या पडायला हव्या होत्या. शेवटी असं ठरलं की नियम सध्या तात्पुरता, २९ सप्टेंबरच्या वार्षिक सभेत कायम करायचा. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, त्या दिवशी माझ्या घरातलं कापड घ्या आणि हुंगा. वास आला तर नियम रद्द, आणि मी खुर्ची सोडतो.

घरी येऊन बायकोला, सिद्धेश्वरीला, सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

१४ ऑगस्ट, बुधवार. पाण्याचा दिवस.

आज नळाला पाणी, आता परत रविवार-सोमवारकडे. म्हणजे मधल्या दिवसांचं सगळं धुणं आज. सिद्धेश्वरी मशीन दोनदा-तीनदा लावते. वीज वाया, पाणी वाया. मी एकदाच लावलं. दार गुडघ्याने दाबावं लागलं, पण बसलं.

हॉलमध्ये दोऱ्या बांधल्या. कपडे खांद्याला खांदा लावून. जागेची बचत. रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून खिडक्या बंद, पडदे ओढलेले. पंखा लावला की पडदे हलतात आणि आतलं दिसतं, म्हणून पंखाही बंद. सिद्धेश्वरी म्हणते खिडकी उघडा, पंखा लावा, कपड्यांत अंतर ठेवा. तिचं शिक्षण दहावीपर्यंत. मी ऑफिसात अधीक्षक होतो. वाद घातला नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

कपडे जवळजवळ वाळले. दमट हा सिद्धेश्वरीचा शब्द. मी मऊ म्हणतो. बनियन घातलं. अंगाला गार वाटतं, या हवेत उलट बरं.

वास? येत नाही. मी स्वतः दोनदा घेतला. अर्थात मला सर्दी आहे.

२१ ऑगस्ट, बुधवार

खबरदारी म्हणून सॉफ्टनर दुप्पट टाकला. बाटलीवर मोगरा लिहिलंय. सिद्धेश्वरी म्हणाली आता मोगरा कुजल्यासारखा येतोय. बायकांना कौतुक सरळ करता येत नाही.

खाली लिफ्टपाशी जोतिराम भेटला. मी आत शिरलो, तो बाहेरच थांबला. जिन्याने येतो म्हणाला, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. बरोबर आहे. चेअरमनच्या खांद्याला खांदा लावून उभं राहणं त्याला प्रशस्त वाटलं नसणार. पूर्वी तो एवढी अदब ठेवत नव्हता.

२५ ऑगस्ट, रविवार

मेहुणे शिवप्पा अक्कलकोटहून आले. फार धार्मिक माणूस. मी जवळ जाऊन मिठी मारली तर एकदम मागे सरकले आणि डोळे मिटले. मग बहिणीशी कन्नडात बोलले. माझं कन्नड बेताचं. आम्ही मूळचे वैरागकडचे, आमच्या घरात मराठीच. पण एवढं नक्की कळलं, 'इवर अंगी भाळ वासनी'. पुढचा शब्द निसटला. बोलताना त्यांनी माझ्या शर्टाकडे, म्हणजे हृदयाकडे, बोट केलं.

ते गेल्यावर सिद्धेश्वरीला विचारलं, वासनी म्हणजे काय? ती म्हणाली, वास. अंगी आणि भाळ तर मराठीतच आहेत, ते विचारायची गरज नव्हती.

म्हणजे चित्र स्पष्ट आहे. अंगी देवाचा वास आणि भाळी भस्म. मेहुण्यांनी इतक्या वर्षांत माझ्याबद्दल असं कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला भरून आलं. जेवायला मात्र थांबले नाहीत, एसटी होती म्हणे.

१ सप्टेंबर, रविवार

व्हिनेगरचा प्रयोग. मोबाइलवर एक बाई सांगत होती, धुताना थोडं टाका. थोडं म्हणजे किती ते कळायला माणसाला अनुभव लागतो. मी अर्धी बाटली टाकली. तोच शर्ट घालून नवी पेठेत गेलो. रिक्षावाल्याने वाटेत विचारलं, साहेब, लोणच्याची बरणी फुटली काय पिशवीत? मी म्हणालो पिशवीच नाही. त्यानंतर तो मान बाहेर काढून रिक्षा चालवत होता. रहदारीचे नियम कुणी पाळत नाही या गावात.

८ सप्टेंबर, रविवार

सोसायटीच्या गणपतीची आरती. मी पुढे. माझ्या दोन्ही बाजूंना चांगली ऐसपैस जागा सोडलेली, मागे सगळी दाटी. आरती झाल्यावर गुरुजींनी धुपाटणं उचललं, देवापुढे एकदा ओवाळलं आणि मग माझ्याभोवती बराच वेळ फिरवलं. यजमान जोतिराम होता. मान मला.

सभेला अजून तीन आठवडे आहेत, पण वारं कुठे वाहतंय ते दिसतं. नियम एकमताने कायम होणार.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गुरुजींवरून कल्पना सुचली. हॉलमध्ये दोऱ्यांखाली ऊद आणि धूप पेटवला. खिडक्या बंद, म्हणजे सुगंध वाया जात नाही. समोरच्या बिल्डिंगमधून फोन आला, तुमच्याकडे काय जळतंय? मी म्हणालो, संस्कार. सिद्धेश्वरी खोकत खोकत जोतिरामच्या आईकडे जाऊन बसली.

चादरींना आता एक गंभीर वास आहे. मठासारखा. त्याखाली अजून एक वास येतो, तो बहुतेक गटाराचा असावा. उद्या महापालिकेला अर्ज.

१५ सप्टेंबर, रविवार

सिद्धेश्वरीने अंथरूण मागच्या छोट्या खोलीत नेलं. तिथली खिडकी उघडी ठेवते. मी विचारलं, माझं घोरणं वाढलंय का? ती म्हणाली, घोरण्याची मला सवय आहे. मग दार लावून घेतलं. मला हे जरा लागलं. एवढ्या वर्षांत पावसाळी हवेत ती कधी वेगळी झोपली नव्हती. पण मोठं काम हाती घेतलं की घरच्यांना थोडं सोसावं लागतं. सभा झाली की सगळं ठिकाणावर येईल.

१९ सप्टेंबर, गुरुवार

नवीनच भानगड. सकाळी सिद्धेश्वरीने विचारलं, तीन तारखेला घट बसणार, दसरा कुठे काढायचा?

हे माझ्या लक्षातून गेलं होतं, म्हणजे लक्षात होतं पण प्राधान्यक्रमात नव्हतं. घट बसायच्या आधी घरातली एकूण एक चादर, वाकळ, पडदा, गाठोड्यातली लुगडी, सगळं धुऊन उन्हात घालायचं, त्याला दसरा काढणं म्हणतात. आमच्याकडे सोलापुरी चादरीच डझनभर आहेत. भिजल्यावर एकेक उचलायला दोन माणसं लागतात. मी म्हणालो आत काढ, टप्प्याटप्प्याने. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पेपर उघडला.

दुपारी जोतिरामची आई सोनाबाई दारात आली. वैरागकडची, म्हणजे माझ्या गावचीच. आत ये म्हणालो तर उंबऱ्याच्या आत आली नाही, पदर नाकाला. लाजरी बाई. विचारत होती, वाकळा कुटं वाळू घालू, घरात घातल्या तर देवीला वल्ल्या वासाच्या वाकळंवर बसवायचं व्हय? मी शांतपणे समजावलं, देवी भावाची भुकेली असते. ती तशीच उभी राहिली आणि मग हळूहळू जिना उतरली.

२२ सप्टेंबर, रविवार

बिल्डिंगच्या बायका रोज चार वाजता सोनाबाईकडे जमतात. सिद्धेश्वरीसुद्धा. पोथी लावली असावी. मी गेलो की एकदम गप्प होतात. वाचनात खंड नको म्हणून मी थांबत नाही. बायकांचा ओढा अध्यात्माकडे वळला ही माझ्या कारकिर्दीतली जमेची बाजू. अहवालात घ्यायला हवी.

२६ सप्टेंबर, गुरुवार

सभेत हुंगायला द्यायचं कापड निवडलं. मोराची सोलापुरी चादर, लाल-काळी. सोमवारी धुतली, तेव्हापासून हॉलमध्ये आहे. कडा अजून जराशा मऊ. इस्त्री फिरवली, वाफ निघाली, म्हणजे पाणी गेलं. पावडर मारली. नवी पेठेतून अत्तर आणून चारी कोपऱ्यांना लावलं. कपाटातल्या डांबरगोळ्या मधोमध ठेवल्या. मग सगळं घट्ट गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंडाला गाठ. सुगंध आत मुरू दे.

सिद्धेश्वरीने पिशवी बघितली आणि म्हणाली, अहो, अजून वेळ आहे, माघार घ्या, मी कुणाला काही बोलणार नाही. आवाज मऊ होता. क्षणभर वाटलं घ्यावी. पण मग एलेव्हेशनचं काय?

२९ सप्टेंबर, रविवार. सकाळ.

प्रसन्न. भाषण पाठ. सिद्धेश्वरी म्हणाली, आज मीही सभेला येते. आजवर कधी आली नाही. नवऱ्याचा गौरव डोळ्यांनी बघावा असं कुणाला वाटणार नाही? चांगलं पातळ नेसायला सांगितलं.

२९ सप्टेंबर. संध्याकाळ.

जे झालं ते क्रमाने लिहितो.

पार्किंगमध्ये खुर्च्या कमी पडल्या. एरवी पुरुष येतात, आज झाडून सगळ्या बायका. भाषण झालं. मी पिशवीची गाठ सोडली आणि म्हणालो, कुणीही या. पहिली रांग आपोआप दुसरीत गेली. जोतिरामने रुमाल काढला. शेवटी सोनाबाई उठली. तिने चादरीची घडी उलगडली, नाकाशी नेली आणि खाली ठेवली. सगळे हसायच्या तयारीत. पण ती हसली नाही. सिद्धेश्वरीजवळ गेली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "पोरी, घरात कोण लई दिसापास्नं आजारी हाय का?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सिद्धेश्वरी म्हणाली, "आजारी कुणी नाही, मावशी. नियम आहे की."

मग नियम रद्द करायचा ठराव आला. सूचक सोनाबाई, अनुमोदक माझी बायको. मी विरोधात हात वर केला. एकटाच. जोतिराम चाचरत म्हणाला, साहेब, फ्लॅट काकूंच्या नावावर आहे, तुम्ही सहसभासद, आणि त्या स्वतः हजर आहेत, म्हणजे मत त्यांचं. खरं आहे. बाईच्या नावावर घेतला की स्टॅम्प ड्यूटी कमी लागते हे मीच शोधून काढलं होतं. हात खाली घेतला.

ठराव एकमताने मंजूर. शब्दाप्रमाणे खुर्ची सोडली. बसायला दुसरी नव्हती, म्हणून उभा राहिलो.

३० सप्टेंबर, सोमवार. पाण्याचा दिवस.

शांतपणे विचार केला. चूक पिशवीची. प्लॅस्टिकमध्ये कुठलंही कापड घुसमटणारच. कागदात गुंडाळली असती तर आज चित्र वेगळं असतं. शिवाय सोनाबाईला वयामुळे वासाचं नीट कळत नसावं.

बाहेर ऊन कडक पडलंय. नेमकं आजच.

सिद्धेश्वरीने घरातलं सगळं धुवायला काढलं. माझं कपाटही रिकामं केलं. मी लुंगीवर बसून आहे.

२ ऑक्टोबर, बुधवार

एलेव्हेशन संपलं. गॅलऱ्यांतून चादरी, गच्चीच्या कठड्यावरून वाकळा, तिसऱ्या मजल्यावरून कुणाची तरी नऊवारी थेट आयव्हरी रंगावर. रस्त्यावरची माणसं मान वर करून बघत होती. सोनाबाईच्या सांगण्यावरून दुपारभर गच्चीवर पावसावर नजर ठेवून वाकळांची राखण करत बसलो. चेअरमन असताना मला असं काम सांगायची कुणाची छाती नव्हती.

सिद्धेश्वरी अंथरूण घेऊन परत आमच्या खोलीत आली.

उन्हात वाळलेला शर्ट घालून खाली दूध आणायला निघालो. लिफ्टमध्ये आधीच चार माणसं होती. तरी जोतिराम म्हणाला, या की काका, मावतंय, आणि माझ्या खांद्यावर हात टाकून मला आत ओढून घेतलं. परवापर्यंत साहेब म्हणत होता, आज काका. सगळे मला चिकटून उभे. एकाचं कोपर माझ्या पोटात. पंधरा दिवसांपूर्वी हीच माणसं मला बघून जिन्याने जायची.

पद गेलं की कुणी अंतर ठेवत नाही. फार वाईट वाटलं.