हरबऱ्यासाठी आणलेली पूड

प्रिय सुमन,

तू गेल्याला महिना उलटला. तुला उद्देशून एक ओळही लिहिली नाही. आज लिहितो आहे, कारण आज मंगरूळपीरच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मला ठाऊक होते.

तुझा हरबऱ्या आजारी आहे. अकोल्याहून तुझा तपासणी-अहवाल घेऊन परतताना शेलूबाजारला जीप थांबली आणि चहाच्या टपरीमागचे हे पिल्लू तू पदराखाली घेऊन आलीस. हरबऱ्याच्या रंगाचे, म्हणून हरबऱ्या.

"असे नाव असते काय?" मी म्हणालो.

"असू द्या जी. माह्या मागं तुमच्यावर भुंकाले कोनी पाह्यजे ना घरात!"

जीपमधले सगळे हसले. आपण दोघे तेवढे हसलो नाही.

काल सायंकाळपासून त्याला जुलाब लागले. सकाळी तो उभा राहीना, तेव्हा टॉवेलमध्ये गुंडाळून नेला.

"किती दिवसांपासून?" डॉक्टरांनी विचारले.

"काल सायंकाळी सहापासून. पाच वेळा. शेवटी आव पडली."

"दूध कोन पाजून राह्यलं याले?"

"मीच. रोज तीन वाट्या."

"कायले जी सर? पिल्लू हाय का डेअरी हाय?"

तू पाजत होतीस, म्हणून मीही पाजत राहिलो. तू किती पाजत होतीस, त्यात पाणी घालत होतीस का, हे मी कधी पाहिले होते?

त्यांनी सलाईन लावले आणि प्रोबायोटिक आणायला सांगितले. पोटातले उपयुक्त जिवाणू पुन्हा वाढवणारी पूड. दुकानदाराने तीन प्रकार पुढे टाकले. "मानसाचंच द्या ना सर. कुत्रं काय डबी वाचते?"

मी वाचल्या. लहान मुलांच्या गोड पुडीत झायलिटॉल होते. साखरेऐवजी घालतात ते हे द्रव्य कुत्र्याला विषासमान. दुसऱ्या डबीवर जिवाणूंचे नावही नव्हते, संख्याही नव्हती. तिसरी कुत्र्यांसाठीची होती, दोन्ही छापलेले होते. परंतु 'थंड जागी ठेवावे' अशी सूचना असताना ती उन्हात पडलेली. मी आतून दुसरी मागवली, तिची मुदत तपासली. अर्धा तास उभा होतो, सुमन! एका पिल्लाच्या पोटासाठी.

पोळ्याच्या दिवशी तू म्हणालीस, "पोटात दुखून राह्यलं जी." मी वर्तमानपत्राआडून म्हणालो, "ताक घे." दिवाळीपर्यंत तू ताकच घेत राहिलीस. पुन्हा का सांगितले नाहीस? की सांगितलेस, आणि मीच ऐकले नाही?

अकोल्याच्या डॉक्टरांनीही हाच प्रश्न विचारला होता: "किती दिवसांपासून?" त्यांनी विचारले मला. मी तुझ्याकडे पाहिले. तू शांतपणे म्हणालीस, "झाले असतीन आठ-पंधरा रोज."

परक्या माणसासमोर नवऱ्याची अब्रू राखलीस! अशी कशी ग तू? आणि मी? मी तेच वाक्य आपल्या मीनलला फोनवर सांगितले. पुढे सांत्वनाला आलेल्या प्रत्येकाला सांगितले. आईचा आजार अचानक उद्भवला, असेच पोरगी अजून समजते.

भाताच्या पेजेत पूड कालवून हरबऱ्यापुढे ठेवली. त्याने दोनदा चाटली आणि मान खाली टाकली. "दोन रोज पाहू," एवढेच डॉक्टर म्हणतात. तो आता माझ्या पायाशी पडून आहे. भुंकत नाही. हा गेला, तर तू या घरात आणलेले जिवंत असे काहीही उरणार नाही.

रविवारी मीनल पुण्याहून येते आहे. हरबऱ्या वाचो अथवा न वाचो, तिला समोर बसवून मी सांगेन, की तुझ्या आईचे पोट पोळ्यापासून दुखत होते, आणि तिने ते मला सांगितले होते. हा माझा शब्द आहे.

तुझा,
विश्वनाथ