रोज पहिलाच धडा

४ एप्रिल, शुक्रवार

मास्तरांनी आज विचारलं, "बाई, तुम्ही इथेच राहता का?"

इथेच म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात! माझ्या हातात चहाचं पातेलं. म्हटलं, हो. "बरं आहे घर. हवेशीर आहे," म्हणाले आणि चहा घेऊन खिडकीत जाऊन बसले.

नवऱ्याला मास्तर म्हणायची सवय लग्नापासूनची. अर्ध्या गावाला त्यांनी पोहायला शिकवलं, सगळे मास्तर म्हणायचे, म्हणून मीही चेष्टेनं म्हणायला लागले. तेच आता उपयोगी पडतंय. "अहो" म्हटलं तर ढिम्म. "मास्तर" म्हटलं की मान वळते.

लेकीचा फोन. "आई, विसर पडलेल्या माणसांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेत बाबांसाठी जागा होतेय. महिनाअखेर कळवायचंय. तुझ्यानं होत नाहीये, दिसतंय मला." हो म्हणायलाही जोर नव्हता, नाही म्हणायलाही. कळवते म्हटलं.

५ एप्रिल

उठले नाही. म्हणजे उठले, पण कशाला उठले ते कळलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी मास्तरांच्या मेंदूची फिल्म उजेडावर लावली आणि शब्द शोधत बसल्या. मला शब्द नको होते. माझा जन्म गेला एक्स-रेच्या खोलीत — "श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका. सोडा." दिवसभर तेवढंच बोलायचं, आणि लोकांची आतली बाजू बघायची. मेंदूच्या फिल्मा काही मी काढल्या नाहीत, पण जिथे भरलेलं असायला हवं तिथे काळं दिसलं तर कळतंच की. खूप काळं होतं.

मास्तर म्हणाले, "कुणाची फिल्म? बिचारा."

मग बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही कशा आहात?"

"मला काय धाड भरलीय?"

झोप? भूक? कशात मन लागतं? शेवटचं कधी हसलात? इथे मी रडायलाच लागले. स्वतःची लाज वाटली! त्यांनी पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "जगू नये असं वाटतं का?"

"सकाळ होऊ नये असं वाटतं," मी म्हटलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

"हा थकवा नाही," म्हणाल्या. "वयही नाही. आजार आहे, आणि त्याला औषध आहे." एक गोळी लिहून दिली. मास्तरांना तलावावर नेऊन बघा म्हणाल्या, कुणीतरी सोबत हवं पण. सारखी येरझार घालतात, अंगाला काम मिळेल.

गोळी आणली. ड्रॉवरमध्ये टाकली. त्यांच्या आजाराची निदान फिल्म तरी निघते. माझ्या आजाराची कुठे निघते? मग आजार कसला तो!

११ एप्रिल, शुक्रवार

लिहिल्याशिवाय राहवत नाही. कित्येक दिवसांत असं झालं नव्हतं.

सकाळी ह्यांच्या शर्टाचं एक बटण लावताना दोघंही मेटाकुटीला आलो. कसेबसे तलावावर पोचलो. तिथली शिट्टीवाली — बुडणाऱ्याला बाहेर काढायला नेमलेली बाई — लहानपणी मास्तरांकडेच शिकली. तिनं त्यांना हाताला धरून उथळ बाजूला नेलं. मी कठड्यावर बसले. खरं सांगायचं तर खोल बाजूकडेच बघत होते. नको तितका वेळ.

आणि मास्तर पाण्यात उतरले.

आधी छातीला पाणी लावलं, मग मानेला, पूर्वीसारखंच. भिंतीला पाय टेकले आणि सुटले. थेंब उडाला नाही! हात लांब जातोय, पाणी धरतोय, मागे सारतोय. मान वळतेय, श्वास घेतला जातोय. घरात उंबऱ्याला अडखळणारा माणूस! शिट्टीवाली शेजारून पोहत होती, तिला दम लागला.

माझा आ वासलेला. फिल्म मी स्वतः पाहिली होती, नीट, उजेडावर. पोहणं त्यात कुठे होतं? कुठे जपून ठेवलंय ह्यांनी ते?

कठड्याशी येऊन थांबले. केसांतलं पाणी निपटलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "नवीन का? घाबरू नका. सगळेच घाबरतात. उद्या या."

आख्खं लग्न गेलं "चल, तुला शिकवतो" ऐकण्यात, आणि दर वेळी मी म्हणायची, आधी न्हाणीघरातला नळ दुरुस्त करा. नळ अजून गळतोय.

"बघू," म्हटलं.

१२ एप्रिल

डॉक्टरीणबाईंना फोन केला. खोल बाजूचं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. म्हणाल्या, "सांगितलंत ते फार बरं केलंत. गोळी सुरू करा. लगेच गुण येणार नाही, नेट धरा. आणि तसं परत वाटलं तर त्याच क्षणी फोन करायचा." लेकीलाही सांगायला लावलं. लेक फोनवर नुसती "आई, आई" करत राहिली.

गोळी घेतली. जीभ कोरडी पडली. बाकी काही नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

उतरले! शिट्टीवालीनं पोशाख दिला. आरशात बघितलं, उशीला अभ्रा लहान पडल्यासारखी दिसत होते. म्हटलं, आता हसं व्हायचं राहिलंय कशाला.

मास्तरांचा पहिला धडा: तरंगणं. "पाठीवर पडा. कान पाण्यात. हनुवटी वर. माझा हात पाठीखाली आहे. श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका."

मी दचकले. हे तर माझं वाक्य!

"सोडा," म्हणाले. "आता वजन देऊन टाका पाण्याला. ठेवून घेऊ नका."

कुठलं देतेय! लाकडासारखी ताठ. नाकातोंडात पाणी. पण तो हात — सकाळी चमचा धरताना थरथरणारा तो हात पाठीखाली असा स्थिर होता, की वाटावं आपण एक्स-रेच्या टेबलावरच झोपलोय. शेवटी मास्तरांनी विचारलं, "नाव काय तुमचं, बाई?" सांगितलं. "छान नाव आहे. उद्या या."

"बघू."

१६ एप्रिल

"नवीन का? घाबरू नका." पुन्हा पहिला धडा. कान पाण्यात.

१८ एप्रिल

पहिला धडा.

२१ एप्रिल, सोमवार

शिट्टीवाली हसून बेजार. "काकू, तुम्ही याच वर्गात नापास होत राहणार!" खरंच आहे. मास्तरांना मी रोज नवीन. त्यामुळे दुसरा धडा येणारच कसा?

पण रोज पहिलाच दिवस म्हणून रोज तितकंच जपून शिकवतात. कंटाळा नाही, "काल सांगितलं होतं ना" नाही. घाबरलेल्या बाईशी काय बोलायचं ते सगळं त्यांना येतं. मला मात्र ह्यांनी पाचव्यांदा तेच विचारलं की घरात चिडायला होतं. आज नाही चिडले. सातव्यांदा सांगितलं: हो, मी इथेच राहते.

आज दुपारी भूक लागली. आपणहून.

२५ एप्रिल, शुक्रवार

लेक आली. संस्थेचं ठरवायलाच आली होती, तोंडावरून कळत होतं. तलावावर घेऊन गेले.

मी पाठीवर पडले. कान पाण्यात गेले की जगाचा आवाज बंद होतो, आपलाच श्वास मोठा ऐकू येतो. वर नुसतं आकाश. पाठीखाली मास्तरांचा हात. श्वास घेतला, धरला, सोडला. आणि आज पहिल्यांदाच, कसं ते मला सांगता येणार नाही — दिलं वजन. सगळं. गेल्या दोन वर्षांचं जे काही छातीवर बसलं होतं, ते पाण्यानं निमूट घेतलं. बुडाले नाही! एवढं मोठं वजन, आणि पाण्याला त्याचं काहीच नाही. रडत होते बहुतेक, पाण्यात कळत नाही ते एक बरं.

मान वळवली तर मास्तर चार हात लांब उभे. दोन्ही हात पाण्याबाहेर, छातीशी घडी घातलेले. हात केव्हाच काढून घेतला होता!

"जमलं," म्हणाले. "आता पाय मारा."

दुसरा धडा! शिट्टीवालीनं शिट्टी वाजवली, नियम मोडून, नुसती आनंदानं. मी पाय मारले. सरकले. डोकं जाऊन कठड्यावर आपटलं, लेकीच्या पायाशी. वर बघितलं तर ती तोंडावर हात धरून बसलेली.

मास्तर पाण्यातून तिला म्हणाले, "तुम्हीही नवीन का?"

तिला त्यांनीच शिकवलं होतं, पाच वर्षांची असताना. "हो मास्तर," म्हणाली पोर. "उद्या येते."

२६ एप्रिल

डॉक्टरीणबाईंना विचारलं, नाव आठवत नाही, चेहरा आठवत नाही, मग मला दुसऱ्या धड्यावर कसं घेतलं? म्हणाल्या, "तुमचं अंग तयार झालेलं हातानं ओळखलं असेल. नक्की नाही सांगू शकत मी." डॉक्टर असून नाही सांगता येत म्हणाल्या, याचंच मला फार बरं वाटलं.

लेकीनं संस्थेला "जागा नको" म्हणून कळवलं. सकाळी मदतीला एक बाई ठेवायची असं ठरलं, आणि मी गोळी सोडायची नाही, असंही. आजार जाईलच असं नाही, "तुझाही नाही, बाबांचा तर नाहीच," म्हणाली. माहीत आहे. सकाळ अजूनही जड असते. पण आता उठल्यावर पोशाख वाळलाय का ते आधी बघते.

१३ मे, मंगळवार

रोज पाय मारणं. मास्तर शेजारून पोहतात, मी भिंतीभिंतीनं. कधी मध्येच थांबतात, हाताकडे बघतात, की हा कुणाचा. मग पुन्हा सुरू.

२२ मे, गुरुवार

आज मास्तर पोहणं विसरले.

उथळ बाजूलाच, पोहता पोहता मध्येच. हात वर राहिला, खाली आलाच नाही. मग झपाटल्यासारखे दोन्ही हात मारायला लागले, पाणी गिळलं. डोळ्यांत नुसती भीती. शिट्टीवालीनं उडी घेतली, पण मी हातभरावर होते. पाठीखाली हात घातला. माझा हात थरथरेल वाटलं होतं. नाही थरथरला.

"घाबरू नका. सगळेच घाबरतात. कान पाण्यात. हनुवटी वर. श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका... सोडा."

अंग सैल झालं. तरंगले. किती हलके होते! बराच वेळ आकाशाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"छान धरता तुम्ही, बाई. कुणाकडे शिकलात?"

"आहेत एक मास्तर," म्हटलं. "उद्या या."

"बघू," म्हणाले.