अ‍ॅग्नेसचा निळा वाडगा

बुधवार, ९ ऑक्टोबर
निश्चय: जुन्या वस्तूंची खरेदी बंद. गॅरेजमध्ये माझा संग्रह असल्यामुळे मार्लिसची गाडी दर हिवाळ्यात बाहेर बर्फात उभी राहते, हे मला मान्य आहे. बायकोने काही बोलायच्या आत मान्य केलं, हे विशेष.

बेसमेंटमधला ड्रायर उन्हाळ्यापासून बंद आहे. मार्लिस ओले कपडे खुर्च्यांवर वाळत घालते. नवा घेणारच आहे. पण दुकानात जाऊन कोरी वस्तू उचलणं माझ्यासारख्या जाणकाराला शोभत नाही. आयुष्यभर विमा कंपनीत लोकांच्या सामानाची किंमत ठरवली. नजर तयार आहे.

उद्यापासून अ‍ॅग्नेस टोलेफसनच्या घरी इस्टेट सेल, म्हणजे मागे राहिलेल्या सगळ्या सामानाची विक्री. ऑगस्टमध्ये गेली बिचारी. आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, मार्लिसची जुनी मैत्रीण. चमच्यापासून पलंगापर्यंत सगळ्याला किमतीच्या चिठ्ठ्या लावून ठेवल्यात म्हणे. जाणं भाग आहे. खरेदीसाठी नव्हे. श्रद्धांजली म्हणून.

गुरुवार, १० ऑक्टोबर
दार उघडायच्या बरंच आधी रांगेत उभा. श्रद्धांजलीला उशीर करू नये. हवा बोचरी. रांगेत सगळे ओळखीचे, सगळे एकमेकांकडे संशयाने बघणारे.

आत शिरल्यावर मात्र थंडीबिंडी सगळं विसरलो. दुसऱ्याच्या घरात बिनदिक्कत फिरायचं, खण ओढायचे, कपाटात मान घालायची. डांबरगोळ्यांचा वास. सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली एखादी वस्तू कुठेतरी आपल्यासाठीच थांबली आहे, अशी पोटात गुदगुली. ज्याला हे कळत नाही त्याला समजावता येत नाही. मार्लिसला समजावून पाहिलंय.

आणि ती वस्तू होती. स्वयंपाकघरात, सिंकखालच्या कपाटात, पातेल्यांच्या मागे. मोठा लाकडी वाडगा. निळा, त्यावर लाल फुलं, पिवळसर वेलबुट्टी. काठाला तडा. बघताक्षणी ओळखलं: नॉर्वेहून बोटीतून आलेला, निदान दोन-अडीचशे वर्षांचा. म्युझियममध्ये काचेआड असावा असा. आणि वर चिठ्ठी नाही.

विचारावं तर सेलवाल्या बाईला शंका येणार. शनिवारी, शेवटच्या दिवशी, सगळं अर्ध्या किमतीत. म्हणून सुरक्षित जागी ठेवला. लपवला नाही. बेसमेंटमध्ये अ‍ॅग्नेसचा ड्रायर आहे, त्यात. आपटू नये म्हणून माझा राखाडी स्वेटर गुंडाळला. एवढी काळजी चोर घेत नाही.

वर आलो तर जिन्यापाशी सोल्वेग. अ‍ॅग्नेसची मुलगी, काल रात्रीच ऑरेगनहून आली. म्हणाली, आईचा निळा वाडगा मी बाजूला काढायचा होता, राहून गेला. तुम्हाला कुठे दिसला का?

नाही म्हणालो. त्या क्षणी दिसत नव्हताच.

मग तिच्याबरोबर शोधला. माळा, झोपायच्या खोल्या, कोटांचं कपाट. बेसमेंट मी मघाशीच नीट पाहिलंय म्हणालो, हे खरंच आहे. शेवटी ती जिन्याच्या पायरीवर बसली. त्या वाडग्यात आई लेफ्साचं पीठ मळायची म्हणाली. नाताळात त्या बटाट्याच्या पातळ पोळ्या आमच्या घरीही पाठवायची अ‍ॅग्नेस. "तुम्ही फार चांगले आहात, व्हर्न," सोल्वेग म्हणाली. म्हटलं, त्यात काय एवढं.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर
सकाळी ओटमील गेलं नाही. पचनाची तक्रार असावी.

नवा बेत. शनिवारी वाडगा घ्यायचा. जाणकारांना दाखवायचा. मग स्वतः सोल्वेगकडे जाऊन सांगायचं की बाई, तुझ्या आईकडे काय होतं बघ. तिला आनंदच होईल. म्हणजे हे सगळं तिच्यासाठीच चाललंय. काल हे लक्षात आलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. आज सांगणं विचित्र दिसेल.

मार्लिसने विचारलं, राखाडी स्वेटर कुठाय. गाडीत आहे म्हणालो.

दिवसभर लायब्ररीत. लाकडी वाडग्यांवर दोन पुस्तकं सापडली. आपल्या वाडग्यासारखा एकही नाही. म्हणजे किती दुर्मीळ असेल. घरी आलो, कुणाशी न बोलता झोपलो.

शनिवार, १२ ऑक्टोबर
आज रांगेत पहिला. सरळ बेसमेंटमध्ये. ड्रायर नाही. तो होता तिथे फरशीचा स्वच्छ चौकोन, कडेला एक मोजा.

वर येऊन सेलवाल्या बाईला सहज विचारल्यासारखं विचारलं. कालच गेला म्हणाली. एक बाई पिकअपवाल्या भावाला घेऊन आली होती. खुर्च्यांवर कपडे वाळवून जीव मेटाकुटीला आलाय म्हणत होती.

मनात आलं, गावात अशी आणखी एक बाई आहे तर.

घराच्या फाटकात रॉजरची पिकअप दिसली. मार्लिसचा भाऊ. तरी मला वाटलं, सहज आला असेल.

ड्रायर जोडून झाल्यावर रॉजर माझ्याकडे न बघता निघून गेला. खाली ड्रायर घुमत होता. स्वयंपाकघराच्या टेबलावर निळा वाडगा, शेजारी माझा स्वेटर, घडी घातलेला. मार्लिसने विणलेला आहे तो. तिला दुसऱ्या कुणाचा वाटण्याची सोय नव्हती.

मी म्युझियमचं सांगायला लागलो. दोन-अडीचशे वर्षं वगैरे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "व्हर्न, हा एर्लिंगने केलाय. अ‍ॅग्नेसच्या नवऱ्याने, त्यांच्या गॅरेजमध्ये. मी होते तिथे. रंग ओला असताना अ‍ॅग्नेसची बाही लागली, म्हणून हे फूल फिसकटलंय."

फूल खरंच फिसकटलेलं आहे. मी त्याला काळाचा परिणाम समजलो होतो.

"परवा सोल्वेगचा फोन आला होता," ती म्हणाली. "रडत होती. पण व्हर्नने माझ्याबरोबर अख्खं घर पालथं घातलं म्हणाली. मला बरं वाटलं होतं, व्हर्न. खूप दिवसांनी."

ती ओरडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

"मी तिला काही सांगणार नाही. तू सांगशील." एवढं म्हणून ड्रायरमधले कपडे काढायला खाली गेली.

रविवार, १३ ऑक्टोबर
चर्चमध्ये अ‍ॅग्नेसच्या जागी कुणी तरी नवीन वाजवत होतं. मी मान खाली घालून बोलण्याची तयारी करत होतो. सुरुवात हवेवरून. मग जुन्या वस्तूंबद्दलचं माझं प्रेम. मग गैरसमज हा शब्द.

दुपारी गेलो. सोल्वेगने दार उघडलं, वाडगा बघितला आणि दोन्ही हातांनी घेतला. "तुम्हाला सापडला," म्हणाली.

मी मान हलवली. हे लिहायचं नव्हतं, पण इथे कोण वाचणार आहे. मी मान हलवली.

ती रडायला लागली. तुमचे उपकार कसे फेडू म्हणाली. आई तुमचं नाव नेहमी काढायची म्हणाली. ते ऐकवेना. म्हटलं, सापडला नाही. मीच ठेवला होता. ड्रायरमध्ये. हवेबद्दल काही बोललोच नाही.

तिला आधी कळलं नाही. मग विचारलं, "मी जिन्यावर बसले होते तेव्हा?"

हो म्हणालो.

ती काठावरच्या तड्यावरून बोट फिरवत राहिली. मी म्हणालो, मला वाटलं फार मौल्यवान असेल. हे बोलायला नको होतं. "हो," ती म्हणाली. "होताच."

आतून कॉफीचा वास येत होता. आमच्या गावात मीटर बघायला आलेल्या माणसालाही आत बोलावून कॉफी देतात. तो नको म्हणतो, तरी पुन्हा विचारतात. सोल्वेगने मला एकदाही विचारलं नाही. "मार्लिसला विचारलं म्हणून सांगा," म्हणाली आणि दार हळूच लावलं.

घरी येताना लेक स्ट्रीटच्या वळणावर नवी पाटी लागली होती: इस्टेट सेल, पुढच्या गुरुवारी. बाण डावीकडे.

थांबलो नाही. गाडी हळू केली, तेवढंच.