बाटलीवर लिहिलं होतं ‘गाळ’

मंगळवार, १२ तारीख
नात तिच्या सरांकडे गेली, रविवारी येणार. तोवर तिची पीएचडी माझ्या ताब्यात. पाऊस पडला की दलदलीतल्या नदीतून किती माती आणि किती खत वाहून जातं, ते तिला मोजायचंय. यंदाचा मोठा पाऊस याच आठवड्यात, तो हुकला तर वर्ष फुकट, असं दहादा बजावून गेली. काम सोपं. पुलावरून बादली सोडायची, बाटली भरायची, फ्रीजमध्ये ठेवायची. माझ्यासाठी बाटल्यांवर मुद्दाम मराठीत लिहिलंय. गाळ १, गाळ २, असं चारपर्यंत. आजी दुसरी पास आहे, विसरली नाही पोर.

बुधवार, १३
पाऊस बेताचा. लिहिल्याप्रमाणे पाणी गाळलं. एकदाच, कारण आकडा एक.

गुरुवार, १४
जोराचा पाऊस. नदी दुधाच्या चहासारखी. मलमलीतून दोनदा गाळलं. शेजारीण म्हणाली, अहो, गाळ म्हणजे चिखल असेल. म्हटलं, चिखलाला कुणी नंबर देतं का? ती म्हणाली, माती मोजायची तर काढून कशाला टाकताय? म्हटलं, धान्य मोजायच्या आधी निवडत नाही का आपण? हसत घरी गेली. आता तिच्याशी बोलायचं नाही.
संध्याकाळी बोलले. साखर संपली होती.

शुक्रवार, १५
धो धो. छत्री उलटी झाली, बाटली सोडली नाही. तीनदा गाळलं. उरलेला चिखल रोज कुंड्यांत टाकते. गुलाब खूश.

शनिवार, १६, दुपार
कालच्यापेक्षा जास्त. चारदा. मनगटं गेली. नातीचा फोन. पाणी कसंय विचारलं. आरशासारखं, म्हटलं. पुढे आवाजच येईना. रेंज गेली असणार.

रविवार, १७
आली. चपलाही न काढता फ्रीज उघडला. चारही बाटल्या उजेडात धरल्या आणि खाली फरशीवरच बसली. मी कितीदा गाळलं ते सांगितलं. माती कुठंय म्हणाली. कुंड्यांत, म्हटलं. कुठल्या दिवसाची कुठल्या कुंडीत? आता ते कोण लक्षात ठेवतं? खत मातीला चिकटूनच येतं म्हणे, म्हणजे तेही गेलं. हसतेस की रडतेस विचारलं, तर दोन्ही म्हणाली.
मग सरांना फोन केला. सर, असिस्टंट नवीन आहे, पुढच्या वर्षी सगळं परत करते, म्हणाली. म्हटलं, काळजी कशाला, मी आहेच की. हो, म्हणाली, तू आहेस म्हणूनच पुढच्या वेळी बाटल्यांवर इंग्रजीत लिहिणार.
असो. एबीसीडी शिकायला अख्खं वर्ष आहे.