दहापैकी साडेपाच

सर, मागच्या महिन्यात एका खेळाडूनं मला तोंडावर मारलं आणि तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मी आता काय काम करतो हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही, म्हणून आधी तेच सांगतो. नागपुरातल्या एका ऑफिसात बसून मी फुटबॉलच्या सामन्यांचे व्हिडिओ पाहतो. कुणी किती पास दिले, किती चुकवले, किती टॅकल केले, किती वेळा चेंडू घालवला, हे एकेक बटण दाबून नोंदवत जातो. शेवटी कॉम्प्युटर प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण देतो, आणि ते बघून क्लबवाले कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं ते ठरवतात. तुम्ही हे ऐकून हसला असता. किंवा हसला नसता, शिट्टीची दोरी हाताला गुंडाळत उठला असता.

मारणारा इथल्याच एका क्लबच्या बचावफळीतला स्टॉपर, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. त्याला संघातून काढलं होतं. दुपारी ऑफिसखालच्या टपरीवर आम्ही चौघं चहा पीत होतो, तिथं तो आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. "तूच टाकतो का ते नंबर?" मी म्हणालो, मी फक्त नोंद करतो, गुण कॉम्प्युटर देतो. "मले साडेपाच काहून? दोन मॅचमध्ये माह्या बाजूनं एकही गोल नाही झाला." मी म्हणालो, "तुम्ही टॅकलच केले नाहीत, तर मी काय नोंदवू?" वाक्य पुरं व्हायच्या आत त्याची मूठ बसली. खालचा ओठ दातात शिरला आणि पुढचा अर्धा दात तुटून जिभेवर आला. मग माझ्या सहकाऱ्यांनी त्याला धरलं. एकानं पोटात गुडघा घातला, तो पडला, पडल्यावर लाथा सुरू झाल्या. तो हातानं डोकं झाकून पडून राहिला. मी "सोडा" म्हणालो, पण लगेच नाही. तीन-चार लाथा बसू दिल्या. त्याची बरगडी मोडली हे मला नंतर कळलं.

घरी आलो तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. माझा शर्ट पाहून तिनं गॅस बंद केला, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी त्याले मार्क दिले, तो तुमाले देऊन गेला." पोलिसांत जायचं का असं तिनं विचारलं नाही. ऑफिसानं मात्र विचारलं. मी दोन दिवस मागून घेतले आणि ते दोन्ही सामने पुन्हा लावले. या वेळी बटणांना हात न लावता फक्त त्या एका माणसाकडे पाहत बसलो. सर, तो अगदी तुम्ही शिकवायचा तसा खेळत होता. समोरचा फॉरवर्ड चेंडू घेऊन यायचा, मान वर करायचा, याला उभा पाहायचा आणि चेंडू दुसरीकडे वळवायचा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. टॅकल करायची वेळच त्यानं येऊ दिली नव्हती. न आलेल्या चेंडूसाठी माझ्याकडे बटण नाही.

ते पाहताना कामठीचं मैदान समोर आलं, आणि तुमचा हातही. सरावाच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला दोन थपडा मारल्या होत्या, एक डाव्या गालावर, एक उजव्या. कान वाजत होता, त्यातून तुमचा आवाज येत होता, "बॉलकडे काहून पाहून राहिला? माणसाले पाह्य. बॉल खोटं बोलते, माणसाची कंबर खोटं बोलत नाही." मी पंधरा वर्षांचा. वडील पॉवरलूमवर बारा तास उभे राहायचे, घरी येऊन गप्प बसायचे. मला कुणी काही शिकवतंय आणि ते शिकवण्यासाठी हात उगारतंय, याचा मला राग आला नाही. अभिमान वाटला. आज माझ्या मुलीला कुणी असं मारलं तर मी त्याचा हात मोडीन.

आणि मग ती फायनल. समोरच्या संघाचा उजवा विंगर आम्हाला पळवून पळवून मारत होता. त्यानं मला दोनदा खाली पाडलं, एकदा माझ्या पायांमधून चेंडू काढला आणि लोक हसले. हाफटाइमला तुम्ही माझी मानगूट धरली, तोंड तोंडाजवळ आणलं आणि एवढंच म्हणालात, "त्याले थांबव." पाचव्या मिनिटाला तो पुन्हा आला. मी दोन्ही पाय लावून घसरलो. लूमवरचा धोटा सुटून भिंतीवर आदळतो ना, तसा आवाज झाला. त्याची नडगी मधोमध वाकली होती आणि मोज्यातून काहीतरी पांढरं वर आलं होतं. तो स्वतःच्या पायाकडे असा पाहत होता, जणू दुसऱ्याचाच आहे. रेफरीनं फाउल दिला नाही. पायाला लागण्याआधी माझा बूट चेंडूला लागला होता म्हणे. आज मी तो सामना नोंदवला असता तर बटण दाबलं असतं: यशस्वी टॅकल, चेंडू ताब्यात. मला आठच्या वर गुण पडले असते. नंतर अर्धा तास त्यांचा एकही माणूस माझ्या बाजूला फिरकला नाही.

शिट्टी झाल्यावर त्यांची माणसं मैदानात घुसली. दगड आले, सायकलच्या चेन आल्या. तुम्ही कोपऱ्यातल्या झेंड्याची काठी उपटून माझ्यापुढे उभे राहिलात. एकाचा हात तुम्ही त्या काठीनं फोडला. तुमच्या कपाळावर दगड बसला, रक्त डोळ्यात उतरलं, तरी तुम्ही बाजूला झाला नाहीत. दुसऱ्या दिवशी टाके पडलेल्या कपाळानं तुम्ही आमच्या दारात आलात आणि स्वतःचे बूट मला दिलेत. "काल तू सगळ्यात चांगला खेळला गा," म्हणालात. बूट मोठे होते. वडिलांनी कारखान्यातून आणलेलं वाया गेलेलं सूत पुढं कोंबून मी ते तीन वर्षं घातले. त्या विंगरचं काय झालं, हे तुम्ही विचारलं नाहीत. मीही नाही.

असं असलं तरी आकड्यांना मी नुसत्या शिव्या देणार नाही. तुमचा डोळा काही कमी अन्यायी नव्हता. आपल्याकडे एक डावखुरा होता, आठवतो? हळू बोलणारा, धक्का बसला की डोळे मिटणारा. तुम्ही त्याला दोन वर्षं बाहेर बसवलं, कारण तुम्हाला तो बुळा वाटायचा. सरावात त्याचा पास क्वचितच चुकायचा. कुणी मोजलं असतं तर तो खेळला असता. आकडा आवाज ऐकत नाही, वस्ती विचारत नाही. पण आकड्याला भीतीही दिसत नाही, सर, आणि आपलं अर्धं फुटबॉल भीतीचंच होतं.

मी तक्रार केली नाही. क्लबला एक पानभर पत्र लिहिलं, एकही आकडा न घालता, तो स्टॉपर काय करतो ते सांगणारं. एका ओळीचं उत्तर आलं: याचा तक्त्यात समावेश करता येत नाही. त्यानं क्लब सोडला. छातीला पट्टा बांधून कामठीतल्या स्पर्धांत खेळतो असं ऐकतो.

त्यानंतरच्या रविवारी मी खापरखेड्याला गेलो. जुन्या एका खेळाडूकडून पत्ता मिळाला होता. तो विंगर आता वीज केंद्राच्या कॉलनीत राहतो, स्टोअरमध्ये कामाला आहे, डावा पाय दोन बोटं आखूड. मी नाव सांगितलं तर त्यानं ओळखलं. त्याच्या बायकोनं चहा ठेवला. बराच वेळ आम्ही पोराबाळांबद्दल बोललो. मग कप खाली ठेवून तो शांतपणे म्हणाला, "एकच सांगा भाऊ. तुमी त्या दिवशी बॉलवर आलते, का माह्या पायावर?"

त्या दिवशी मी त्याच्या कंबरेकडे पाहत होतो सर, तुम्ही शिकवलं तसं. चेंडू मला दिसलाच नव्हता. लोक हसले होते आणि मला त्याचा पाय हवा होता. हे सांगायलाच मी तिथवर गेलो होतो. पण माझ्या तोंडून निघालं, "सरांनी सांगितलं होतं, तोडून टाक म्हणून." तो मान हलवून म्हणाला, "वाटलंच मले." त्याचा चेहरा मोकळा झाला. त्याला माझ्यावर विश्वास ठेवणं सोपं गेलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. तुम्ही फक्त "थांबव" म्हणाला होता, हे त्याला सांगायला मी अजून परत गेलेलो नाही.