हळूबाई कोणाला द्यावी याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सव्वीस, अविवाहित, वन्यप्राणी बचाव केंद्रात मुलांना शिकवणारी आणि गरज पडेल तेव्हा झाडावर चढणारी, राहणार इस्त्रीच्या दुकानावरची खोली, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. आईचे म्हणणे वेगळे आहे. डोके ठिकाणावर असते तर या वयात मृत्युपत्र लिहायला बसली नसतीस, असे ती म्हणाली.

पण गेल्या महिन्यात रस्त्यावर स्लॉथसाठी दोरीचा पूल बांधताना माझ्या पायाखालची फांदी मोडली आणि मी चाळीस मिनिटे कमरेच्या पट्ट्याला उलटी लटकत राहिले. स्लॉथ हा झाडाला उलटा लटकून राहणारा, फार संथ प्राणी. खाली उभ्या असलेल्या माझ्या वर्गातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, ताई प्राणी करून दाखवते आहे. त्या चाळीस मिनिटांत माझ्या मनात एकच विचार आला. मी गेले तर शनिवारचा वर्ग माझी धाकटी बहीण घेईल.

म्हणून हे लिहिते आहे. कोणी भरीस घातलेले नाही, कोणाचा दबाव नाही. राग आहे का, हे वाचणाऱ्याने ठरवावे.

कलम एक. यापूर्वी मी अकरा वर्षांची असताना वहीच्या शेवटच्या पानावर एक मृत्युपत्र केले होते. त्यात "माझी कंपासपेटी धाकटीला मिळू नये" एवढेच वाक्य होते. ते या लेखाने रद्द करते. कंपासपेटी तिने त्याच आठवड्यात घेतली होती.

कलम दोन. माझ्या पदवीचा कागद आईला द्यावा. तो तसाही तिच्याकडेच आहे. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, म्हणून आईने तो काचेत घालून इस्त्रीच्या टेबलावर टांगला. वाफेने कागदाला सुरकुत्या पडल्या आहेत. आई गिऱ्हाइकांना सांगते, "एवढी एकच गोष्ट माझ्या इस्त्रीने सरळ होत नाही." काच काढू नये. बाबांना माझी सायकल द्यावी. बस डेपोत आयुष्यभर दुसऱ्यांची चाके दुरुस्त करून ते चालत घरी येतात. बँकेत जे असेल ते दोघांचे.

कलम तीन. चढण्याचा पट्टा, दोर आणि शिरस्त्राण केंद्राला. पट्ट्याची शिवण तपासल्याशिवाय कोणाला देऊ नये. वीज कंपनीला मी झाडांजवळच्या तारांवर आवरण घालण्यासाठी लिहिलेल्या अकरा पत्रांच्या प्रती डॉक्टरबाईंना, म्हणजे आमच्या केंद्राच्या पशुवैद्यांना, द्याव्यात. बारावे पत्र त्यांनी लिहावे. त्यांचे अक्षर कोणाला लागत नाही, त्यामुळे कंपनी घाबरण्याची शक्यता आहे.

कलम चार. बसस्थानकाबाहेर गळ्यात स्लॉथ अडकवून प्रवाशांचे फोटो काढणारा जो माणूस उभा असे, त्याला माझा तक्ता क्रमांक चार द्यावा. त्यावर लिहिले आहे: "स्लॉथ हसत नाही. त्याचे तोंडच तसे असते. तो घाबरलेला असतो." माझ्या वर्गातली सात वर्षांची एक मुलगी त्याच्यासमोर उभी राहून प्रत्येक प्रवाशाला हे वाक्य ऐकवत होती. चौथ्या दिवशी तो जागा सोडून गेला, आणि जाण्याआधी स्लॉथ केंद्राच्या दारात ठेवून गेला. माझ्या आयुष्यात मी केलेले सर्वांत मोठे काम हेच, आणि तेही एका मुलीने केले. ती माझी विद्यार्थिनी आहे. हे वाक्य मी मुद्दाम अधोरेखित केले आहे, कारण हल्ली ती धाकटीची म्हणून ओळखली जाते.

कलम पाच. धाकटीबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. शाळेत ती मागे पडली. गुरुजींनी तिला आळशी म्हटले, आईने म्हटले, आणि मी तर येता-जाता म्हणत असे. तिचा मोठा गुन्हा असा, की लिहिताना ती आधी वरची आडवी रेघ ओढायची आणि मग एकेक अक्षर तिच्याखाली अडकवायची. सगळे जग अक्षरे काढून मग रेघ देते. हिची रेघ कधी लांब व्हायची, अक्षरे संपायची. कधी रेघ संपायची आणि शेवटचे अक्षर उघड्यावर पडायचे. परीक्षेचा वेळ संपायचा तेव्हा हिच्या पानावर नुसत्या रेघा असायच्या. शेवटी तिने शाळा सोडली आणि आईच्या दुकानात बसली. मी पदवी घेतली.

केंद्रामागच्या शेडमध्ये शनिवारचा वर्ग मी सुरू केला. नऊ तक्ते मी रात्रंदिवस खपून तयार केले. जमिनीवर स्लॉथ दिसला तर हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला बोलवायचे, केंद्राला फोन करायचा. कुत्रा बांधून ठेवायचा. दोन झाडांमधली फांदी तोडणे म्हणजे कोणाचा तरी रस्ता तोडणे. आणि पहिल्या तक्त्यावर, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत: "हा प्राणी आळशी नाही." तो पाने खातो, पानांत बळ कमी, म्हणून तो जपून हलतो. हे मी मुलांकडून पाठ करून घेतले. मुले पाठ म्हणत आणि खिडकीबाहेर बघत.

मग मला वर्गासाठी एक बाहुली हवी झाली. धाकटीने दुकानात कोणी तरी न नेलेला तपकिरी कोट फाडून स्लॉथ शिवला. हँगरच्या तारेच्या तीन-तीन नख्या केल्या. त्याच्या केसांत हिरवे शेवाळ वाढते असे मी जेवताना सहज बोलले, तर सकाळी कोटाला हिरव्या अस्तराचे ठिपके लागलेले. मी बाहुलीचे नाव ठेवले "वृक्षमित्र". धाकटी ती द्यायला शेडमध्ये आली, दाराशी उभी राहून म्हणाली, "ही घ्या तुमची हळूबाई," आणि वृक्षमित्र तिथेच संपला.

मुलांनी विचारले, "ही पण आळशी नाही का?"

"कोण जाणे," धाकटी म्हणाली. "मला पण घरी आळशीच म्हणायचे."

"कोण म्हणायचं?"

तिने माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. "ते जाऊ दे. हळूबाईचं नाव लिहायचंय ना? आधी फांदी काढा. आता एकेक अक्षर लटकवा. घाई करू नका, पडेल ते."

बावीस मुलांनी फांदी काढली. खिडकीबाहेर एकानेही बघितले नाही. मी माझ्या मोठ्या अक्षरांच्या तक्त्याखाली उभी होते आणि मला वाटले, तो तक्ता माझ्यावरच पडावा.

पुढच्या शनिवारी मी आत शिरले तर पहिला प्रश्न, "छोटी ताई नाही आली?" त्याच्या पुढच्या शनिवारीही तोच. महिन्याभरात दोन शाळांतल्या बाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. "तुमच्या वर्गातली मुलं आधी रेघ ओढायला लागली आहेत. हे कुणी शिकवलं?" मी म्हटले, "बघते मी." तेव्हापासून मी धाकटीला वर्गाची वेळ सांगणे बंद केले. तिला ती मुलांकडून कळते.

अजून एक गोष्ट लिहायची आहे. ती मी कोणाला सांगितलेली नाही.

पावसानंतर रस्त्याकडेला एक पिल्लू पडलेले सापडले. अशा वेळी पिल्लाचा आवाज ध्वनिमुद्रित करून झाडांखाली वाजवतात. आई जवळपास असली तर ऐकून खाली येते. मी दोन दिवस वाजवला. तिसऱ्या दिवशी शनिवार होता, मुलांना बघायचे होते, आणि बावीस मुलांच्या गलक्यात कुठलीच आई खाली येणार नव्हती. मी शिट्टी वाजवून गप्प बसायला सांगितले. मुलांना शिट्टी आवडली. धाकटी कोणाचे तरी इस्त्रीचे कपडे पोचवून तिकडून चालली होती. तिने गठ्ठा खाली ठेवला आणि म्हणाली, "आपण सगळे फांद्या आहोत. फांद्या बोलतात का रे?" एक तास दहा मिनिटे बावीस मुले हात पसरून बसली. मग वरची पाने हलली. आई एकेक हात टाकत उतरली, आणि डॉक्टरबाईंनी पिल्लू तिच्या अंगावर सोडले. सगळ्यांत चुळबुळ्या मुलानेही डोळे पुसायला हात खाली घेतला नाही.

केंद्राचा अहवाल मी लिहिला. त्यात लिहिले: "शनिवारच्या वर्गाच्या सहकार्याने." धाकटीचे नाव लिहिले नाही. जागा होती.

हा मत्सर माझी स्वकष्टार्जित मालमत्ता आहे. वडिलोपार्जित नाही, घरात दुसऱ्या कोणाकडे नाही. त्यात कोणाचा वाटा नाही.

कलम सहा. शनिवारचा वर्ग, नऊ तक्ते आणि हळूबाई हे सर्व माझ्या पश्चात केंद्राच्या स्वाधीन करावे. हळूबाई कपाटात कुलूपबंद ठेवावी. वर्गासाठी केंद्राने रीतसर पदवीधर शिक्षिका नेमावी. धाकटीला माझ्या साड्या द्याव्यात.

येथे लिहिणे थांबले होते. पुढचे कलम त्याच दिवशी, पाऊण तासाने लिहिले आहे.

कलम सहा-अ. कलम सहा पूर्णपणे रद्द. कारण लिहिते.

कोर्टाबाहेरच्या दस्तलेखक काकांनी मला एक नियम सांगितला होता. मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला दिलेले रद्द होते. मी तो नियम घरी घेऊन आले आणि दोन साक्षीदार ठरवले: डॉक्टरबाई आणि धाकटी. म्हणजे उद्या आईच्या किंवा मुलांच्या आग्रहाने मी कच खाऊन हळूबाई तिच्या नावे केली तरी ती तिला मिळाली नसती, आणि मी दुष्ट ठरले नसते. साड्याही बुडाल्या असत्या. कायद्याचा इतका बारीक अभ्यास मी परीक्षेसाठीही कधी केला नव्हता.

मी जिन्यातून हाक मारली. ती हातातली इस्त्री उभी करून वर आली.

"कुठे करायची सही?"

"इथे. साक्षीदार दोन."

"साक्षीदार म्हणजे काय गं ताई?"

"मी हे तुझ्यासमोर लिहून सही केली, असं तू सांगायचं."

"म्हणजे तू खरं लिहिलंयस, असं?"

"तसंच काहीसं. वाचायचंय का?"

"मी वाचत बसले तर तू खरंच म्हातारी होऊन मरशील," ती म्हणाली. "आणि तू खोटं कधी लिहितेस?"

ती खाली बसली, पेनाचे टोपण काढून मागे लावले, बोट टेकून जागा मोजली आणि रेघ ओढायला लागली. तिचे नाव लहान आहे, पण रेघ तिने नेहमीसारखी लांब ओढली. मग पहिले अक्षर कुठे अडकवायचे हे बघायला ती थांबली. दुसरे कोणी असते तर एव्हाना सही होऊन माणूस जिना उतरला असता. मला अहवालातली ती मोकळी जागा आठवली. मी कागद ओढून घेतला.

"काय झालं? चुकलं?"

"तुझी सही चालत नाही."

"अगं, लिहू तर दे!"

"चालत नाही म्हणजे कायद्याने चालत नाही. तुला काहीतरी मिळणार आहे."

"काय मिळणार आहे?"

"मी मेल्यावर कळेल."

"मग थांबते की," धाकटी म्हणाली. "मला कुठे घाई आहे?" आणि ती इस्त्री गार होईल म्हणून खाली गेली. आज पहिल्यांदा मी तिला घाई करताना पाहिले.

तरी असे ठरवते:

शनिवारचा वर्ग, तक्ते आणि हळूबाई माझ्या पश्चात धाकटीला द्यावी. कपाट नको, कुलूप नको, पदवीची अट नको. माझ्या हयातीत, पुढच्या शनिवारपासून, पहिला अर्धा तास माझा, तक्त्यांचा. उरलेला वेळ तिचा. घड्याळ माझ्या हातात राहील. वर्ग कोणी सुरू केला हे तिने मुलांना वर्षातून एकदा सांगावे, आणि सांगताना हळूबाईचा आवाज काढू नये. पिल्लाच्या अहवालाची दुरुस्त प्रत मी सोमवारी केंद्रात देईन. तक्ता क्रमांक एक वर्गात लावण्याआधी काही दिवस इस्त्रीच्या टेबलावर, माझ्या पदवीशेजारी टांगावा. तो आईने वाचावा. मीही वाचेन.

शाळेतल्या बाई पुन्हा तक्रार घेऊन आल्या तर त्यांना माझ्याकडे पाठवावे.

कलम पाचमधील मालमत्ता कोणालाही देत नाही. ती अजून वापरात आहे.

हा लेख मी स्वतःच्या हाताने लिहिला, शेवटी दोन्ही साक्षीदारांना एकत्र बसवून त्यांच्या देखत सही केली, आणि त्यांनी माझ्या देखत. खाडाखोड आहे ती माझीच.

ठिकाण: इस्त्रीच्या दुकानावरची खोली.
नऊ तारीख, शनिवार, वर्ग सुटल्यावर, दुपारचे साडेचार.

लिहून ठेवणार: मोठी (सही)

साक्षीदार एक: पशुवैद्य, बचाव केंद्र (सही. लागत नसल्यास केंद्रात येऊन विचारावे.)

साक्षीदार दोन: या जागेवर एक लांब आडवी रेघ आहे. तिच्याखाली एकही अक्षर नाही. तिला सही समजू नये आणि ती खोडूही नये.

साक्षीदार दोन, पुन्हा: टपाल वाटणारी, गणवेश न्यायला आले होते (सही). वरची रेघ माझी नाही.