न मागितलेली बदली

सांबरखाडी, जि. रत्नागिरी
१२ जून २०२४

ती. दादास पौर्णिमाचा सप्रेम जयभीम.

रागात फोन करायचा नाही, पत्र लिहायचं, हा बाबांचा नियम. बाबा गेले, पण नियम तुझ्या-माझ्यात राहिला. म्हणून कागद घेऊन बसलेय.

दादा, डोकं फिरलंय माझं. हंगामभर मी बंदरावर पट्टी घेऊन पापलेट मोजले. निम्म्याहून जास्त पिल्लंच, एकदाही अंडी न घातलेली. एवढीशी बाजारात खपत नाहीत, मग वाळवून, दळून कोंबडीखाद्यात जातात. मत्स्य खात्याच्या अहवालात मी स्पष्ट सल्ला दिला, की जाळ्याचे डोळे मोठे करा आणि पिल्लांची खरेदी थांबवा. नाहीतर थोड्याच वर्षांत छोट्या होडीवाल्यांना रिकाम्या हाताने परतावं लागेल. यावर साहेब म्हणाले, जरा मवाळ लिहा. खाद्य कारखान्याच्या माणसाने तर चारचौघांत विचारलं, की बीडच्या बाईला समुद्रातलं काय कळतं.

२४ जुलैला मुंबईत समिती बसणार आहे. सल्ला मीच मांडायचा आहे. मांडणारं कुणी नसलं की अहवाल बाजूला पडतो. कंटाळा आलाय या माणसांचा. वाटतं, सगळं टाकून घरी यावं.

तुला मासा म्हणजे तलावातला मरळ, तोही वहिनीने तळलेला, एवढंच ठाऊक! आईला जयभीम सांग. आहे ती माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
पौर्णिमा


लिंबागणेश, जि. बीड
३ जुलै २०२४

चि. पौर्णिमा हीस अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र ऐकून आई जेवली नाही. घरी यावंसं वाटतं, एवढं वाचलं आणि मी उठलोच. आमदार विजयसिंहांच्या ओसरीवर सकाळपासून बसलो. आपल्याकडे बदली म्हटली की तिथं बसल्याशिवाय होत नाही, हे तुला सांगायला नको.

आधी त्यांनी टोलवलं. पण तू कोणत्या बंदरावर आहेस हे कळलं तसे एकदम मऊ झाले. म्हणाले, की लेक लई लांब हाय, तिला घरी आणू. अर्ज मागितला. तिथंच तुझ्या नावाने लिहिला, सहीपण मीच ठोकली. शाळेपासून तुझे सगळे फॉर्म मीच तर भरले. आपल्याच जिल्ह्यात मत्स्यबीज केंद्रावर जागा आहे. पेढे घेऊन ये, आणि त्या खारट माणसांना रामराम ठोक.

आईचे आशीर्वाद. तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,

जीवन


सांबरखाडी
१० जुलै २०२४

दादास जयभीम.

आज सप्रेम लिहवत नाही.

काल हुकूम आला. २० तारखेच्या आत बीडला हजर व्हायचं. म्हणजे बैठकीला मी नाही. साहेब हसत म्हणाले, की बाई, तुम्हीच तर अर्ज केला. कारखान्याच्या माणसाने ऑफिसात पेढे वाटले. मला हलवायला त्यांना वर्षभर जमलं नव्हतं, ते तू एका सकाळी करून दिलंस!

मी वैतागून लिहिलं होतं, बदली मागितली नव्हती. तू एकदा विचारलं का नाहीस? त्या ओसरीवर बाबा कधी चढले नाहीत आणि तू माझं नाव घेऊन चढलास. आता सही खोटी आहे असं मी लिहिलं तर हुकूम थांबेल, पण तू सरकारी शाळेतला मास्तर, तुझी नोकरी जाईल. गप्प बसले तर माझं काम मातीत. मी काय करावं, हेही तूच ठरव. नाहीतरी सगळं तूच ठरवतोस.

पौर्णिमा


लिंबागणेश
१५ जुलै २०२४

चि. पौर्णिमा हीस जयभीम.

पत्र वाचून तडक विजयसिंहांकडे गेलो. हुकूम फिरवा म्हणालो. ते म्हणाले, की मासे काय बीडला येऊन मत देतात का बे. तो खाद्य कारखाना त्यांच्या व्याह्यांचा आहे, हे मला तिथल्या ड्रायव्हरने सांगितलं. मी त्यांचा चहा पिऊन आलो होतो, पुनी. अंगाची आग आग झाली.

अर्ज आणि सही माझी, बहिणीला न विचारता केलेली, असं लिहून तुझ्या वरच्या कार्यालयाला आणि माझ्या शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवलं आहे. प्रत सोबत आहे. आईला सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही.

तू बैठकीला जा. आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी देतो.

जीवन


मुंबई
२४ जुलै २०२४

ती. दादास सप्रेम जयभीम.

तुझ्या कबुलीची प्रत वापरायची नाही असं ठरवून मी निघाले होते. दारातच साहेबांनी अडवलं. म्हणाले, की तुमची बदली झाली, आत बसता येणार नाही. मी पिशवीतून ती प्रत काढली आणि समितीच्या अध्यक्षांच्या हातात दिली. देताना दुसऱ्यांदा विचारसुद्धा केला नाही, याचा मला राग येतोय.

मग मला बसू दिलं. सगळा अहवाल मांडला, एक शब्दही मवाळ केला नाही. निर्णय पुढच्या महिन्यात. मान्य होईल की नाही, कुणास ठाऊक.

तुझी चौकशी लागेल. तारीख कळव, मी येईन. पण तुला वाचवायला येते असं समजू नकोस. जे झालं तेच सांगेन. तू लिहिलंस तसंच.

भांडण संपलेलं नाही, म्हणून पत्र पाठवत राहा.

तुझीच,
पौर्णिमा